पॅनल बाजूच्या भिंतीला लाव

सातारा,
12 मार्च

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

गावच्या शाळेसाठी मुंबई-पुण्याकडच्या आपल्या मंडळींनी वर्गणी काढली, हे वाचून फार बरं वाटलं. फळा काढून त्या जागी मोठा इंटरॅक्टिव्ह पॅनल, म्हणजे हात लावून चालवायचा पडदा, बसवायचा विचार आहे आणि मी जिल्हा परिषदेचा मास्तर म्हणून तुला माझं मत हवंय. तर ऐक. पॅनल जरूर घ्या, पण फळा राहू द्या आणि पॅनल समोरच्या भिंतीला लावू नका.

आपली शाळा द्विशिक्षकी आहे. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. म्हणजे एका शिक्षकाकडे एकाच वेळी दोन इयत्ता. समोरच्या भिंतीवर पडदा आला की सगळी मुलं त्याच्याकडे तोंड करून रांगेत बसतात, आणि चौथीचा व्हिडिओ तिसरीच्या पोरांनाही मुकाट्याने बघावा लागतो. बाजूच्या भिंतीला, पोरांचा हात पोचेल इतक्या उंचीवर पॅनल असला, तर सहा-सात जणांचा गट त्याच्यापाशी अपूर्णांकांवर काम करतो आणि त्या वेळात बाई दुसऱ्या गटाशेजारी जमिनीवर बसून वाचन घेतात. बाईंना अशी पंधरा मिनिटं एका गटापाशी बसता आलं, तर तुमचे पैसे सत्कारणी लागले असं मी म्हणेन.

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडच्या शाळांत दोन लाटा आल्या. 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा आमच्या साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, बघायला राज्यभरातून शिक्षक येत होते. बाकं नाहीत, फरशीवर रंगवलेल्या आकृत्या आणि आकडे, मुलं गोल करून खडे, काड्या, शब्दकार्डं घेऊन बसलेली. ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलाने स्वतः करून शिकणं, काय असतो, हे शासन निर्णय वाचून कळलं नसतं ते त्या फरशीवर कळायचं. त्याच सुमारास शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची डिजिटल शाळा गाजली आणि गावोगाव लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले. दोन्ही कामं मनापासून झाली. पण एका लाटेने मुलांना रांगेतून उठवून गोलात बसवलं, आणि दुसरीने पुष्कळ ठिकाणी त्यांना परत रांगेत बसवलं. प्रोजेक्टरला अंधार लागायचा, म्हणून खिडक्या झाकायच्या. पत्र्याखाली, एप्रिलच्या उन्हात! वही दिसत नाही, शेजारी दिसत नाही, फक्त पडदा. पॅनलला अंधार लागत नाही, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवता येतील. मात्र त्याच्या समोर खिडकी येऊ देऊ नका, नाहीतर काचेवर उजेड चमकून अर्ध्या मुलांना काही दिसणार नाही.

रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तो तुला आठवत असेल. माढा तालुक्यातल्या परितेवाडीत त्यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. मला त्यात सगळ्यात मोलाचं हे वाटतं, की पुस्तक मुलाच्या हातातच राहिलं. कविता वाचता वाचता चाल ऐकावीशी वाटली की कोड स्कॅन करायचा, ऐकायची आणि पुन्हा पानावर यायचं. आणि त्याच 2020 साली, शाळा बंद असताना, सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, कारण तिथल्या पुष्कळ पोरांकडे फोन नव्हता. दोन्हीकडे शिक्षकाने आधी मूल कुठे आहे, त्याच्या हातात काय आहे, हे पाहिलं आणि मग साधन निवडलं. तुम्हीही तसंच करा, एवढीच माझी कळकळ आहे.

आता फोन घरोघरी आहेत, तरी प्रश्न सुटलेला नाही. ‘असर’ या देशभरच्या शैक्षणिक पाहणीत 2024 साली ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 57 टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि 76 टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. पडदा मुलांना घरी मिळतोच आहे रे. त्याच्यासमोर चौघांनी मिळून वाद घालणं, चुकणं, खोडून पुन्हा मांडणं हे मात्र शाळेतच होणार.

म्हणून वर्गणीतला सगळा पैसा पॅनलवर घालू नका. भिंतींचा खालचा तीन फुटांचा पट्टा काळा रंगवून घ्या, म्हणजे प्रत्येक पोराला आपला फळा मिळेल. फरशी नीट करा. वायरिंग नवं टाका, इन्व्हर्टर घ्या, आणि धडे पॅनलमध्येच साठवून ठेवा, कारण पावसाळ्यात रेंज जाते. विजेचं बिल कोण भरणार, तेही आताच ठरवा. सादिलात, म्हणजे शाळेला किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या पैशात, ते भागत नाही. बिल थकून वीज तोडली आणि पॅनल कपाटासारखा उभा राहिला, असं मी एकापेक्षा जास्त शाळांत पाहिलंय आणि दर वेळी जीव तुटतो. दुकानदाराचं कोटेशन घेण्याआधी बाईंशी आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बोल. खोलीत कोण कुठे बसतं, उजेड कुठून येतो, हे त्यांनाच ठाऊक आहे.

परीक्षा संपल्या की मी गावी येतोय. तूही दोन दिवस काढ, बाईंना बरोबर घेऊन खोल्यांची मापं घेऊ. टेप माझ्याकडे आहे. तोवर आगाऊ रक्कम कुणाला देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुनील