नापास झालेला माल कोणाच्या अंगावर?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

छोट्या फळबागायतदारांना मोठ्या बाजारपेठेशी जोडणाऱ्या भागीदाऱ्यांच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. खरेदीदार कंपनी, मदत करणारी संस्था, शेतकऱ्यांचा गट, करारावर सह्या आणि शेजारी फोटो. मी अशी प्रत्येक बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. माझी स्वतःची पावणेदोन एकर आंब्याची बाग आहे आणि अशाच एका करारात आमचा गट तीन हंगाम होता. किती शेतकरी जोडले, किती टन माल जाणार, हे सगळं बातमीत असतं. नापास झालेल्या मालाचं काय ठरलंय, हे मात्र कधीच नसतं.

पहिल्या हंगामातली गोष्ट सांगते. उजाडायच्या आत आम्ही तोडणीला लागलो होतो. झेल्याने (फळ अलगद उतरवायच्या जाळीच्या काठीने) उतरवलेल्या प्रत्येक आंब्याला बोटभर देठ राखला होता, कारण देठ मुळातून तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. मग सावलीत बसून देठ आखूड केले, फळं पालथी ठेवली आणि चीक पूर्ण निथळू दिला. घाई करणाऱ्या पोरांना मी दोनदा ओरडले. ऊन चढायच्या आत ६४ क्रेट भरून गाडी निघाली. संध्याकाळी खरेदीदाराच्या पॅकहाऊसमधून, म्हणजे माल निवडून खोक्यात भरतात त्या जागेवरून, फोन आला, ‘२१ क्रेट नापास, डाग आहेत.’ कसले डाग, किती फळांवर, कोणी पाहिले, याचा काही पत्ता नाही. गाडी त्यांच्या दारात पाच तास उन्हात उभी होती, हे नंतर ड्रायव्हरकडून कळलं. ते क्रेट परत आणायचं भाडं आमच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशेबातून) कापलं गेलं. परत आलेला माल दुसऱ्या दिवशी मिळेल त्या भावाला विकून टाकावा लागला.

तोडलेलं फळ जिवंत असतं, त्याचा श्वास चालू असतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो आणि फळाचं टिकण्याचं आयुष्य तेवढंच आक्रसतं. झाडाखाली आम्ही तासन् तास जपलेलं ते पाच तासांत संपलं. बरं, नुसता गारवा दिला म्हणजे भागतं असंही नाही. द्राक्षं शून्याच्या जवळपास नेऊन ठेवावी लागतात. आंबा आणि केळी १२-१३ अंशांच्या खाली गेली तर थंडीनेच बिघडतात, साल काळवंडते, आंबा धड पिकत नाही. त्यामुळे एखाद्या गटाला शीतगृह बांधून दिलं अशी बातमी आली की मला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की ते कोणत्या फळासाठी आणि बागेतून तिथवर माल किती वेळात पोहोचणार.

कराराने आमचं काहीच भलं झालं नाही असं मी म्हणणार नाही. पक्वता कशी ओळखायची, प्रतवारी कशी करायची, कोणतं औषध तोडणीच्या किती दिवस आधी बंद करायचं आणि त्याची नोंद कशी ठेवायची, हे आम्ही तिथेच शिकलो. एकट्या छोट्या बागायतदाराला निर्यातीचं प्रमाणपत्र काढणं परवडत नाही. ग्लोबल गॅपमध्ये, म्हणजे परदेशी दुकानं मागतात त्या चांगल्या शेतीच्या मानकात, गटाने मिळून प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे. गटाने आपली अंतर्गत तपासणी चोख ठेवायची आणि सगळ्यांनी मिळून एकच प्रमाणपत्र घ्यायचं. ही वाट आम्हाला भागीदारीमुळेच कळली. म्हणूनच जीव तोडून सांगावंसं वाटतं की या भागीदाऱ्या टिकल्या पाहिजेत. आणि त्या मोडतात कुठे, ते बघायचं तर माल अडतो त्या दिवशी बघावं.

केनियात ड्रमनेट नावाचा उपक्रम होता. छोट्या शेतकऱ्यांना कर्ज, वाहतूक आणि निर्यातदाराशी जोड, असं सगळं त्यात होतं. माल मुख्यतः फरसबी आणि बेबी कॉर्नचा होता, पण दुखणं तेच. सुरुवातीला नव्याने निर्यातीत उतरलेल्या शेतकऱ्यांचं उत्पन्न खरोखर वाढलं. अभ्यासकांनी ते मोजून मांडलं. पुढे युरोपीय दुकानांच्या युरेपगॅप मानकात (आजच्या ग्लोबल गॅपचं ते जुनं नाव) शेतकरी बसत नाहीत म्हणून निर्यातदाराने खरेदी थांबवली. उपक्रम कोसळला आणि शेतकरी पुन्हा जुन्या पिकांकडे वळले. खरेदीदार एक आणि नियम बदलले तर खर्च कोण करणार याची बोली नाही, अशा ठिकाणी दुसरं काय होणार!

आपल्याकडे २०१० साली द्राक्ष बागायतदारांनी हेच सोसलं. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपच्या बंदरांवर कंटेनर अडले. ते रसायन तोवर आपल्या निर्यातपूर्व तपासणीच्या यादीतच नव्हतं. ज्याची तपासणी करा असं कोणी सांगितलंच नव्हतं, त्यापायी बागायतदारांचे पैसे अडकले.

उलट जिथे बागायतदार नुसता माल पुरवणारा राहिला नाही, तिथे गाडी रुळावर राहिलेली दिसते. न्यूझीलंडच्या किवी उत्पादकांनी १९८०च्या दशकात निर्यातदारांची आपसातली भाव पाडण्याची चढाओढ सोसली. १९८८ मध्ये निर्यात एका मंडळाकडे आली, १९९७ मध्ये झेस्प्री हे नाव बाजारात आलं आणि आज त्या कंपनीची मालकी उत्पादकांकडे आहे. मला त्यांची एक गोष्ट फार आवडते. फळातल्या शुष्कांशाचा (पाणी वगळून उरतं त्याचा), म्हणजे एका अर्थी गोडीचा, नमुना घेऊन तपास होतो आणि चांगल्या चवीच्या मालाला जास्तीचे पैसे मिळतात. कोणाच्या नजरेला काय दिसलं यावर पैसे ठरण्यापेक्षा मोजमापावर ठरलेले कधीही बरे. त्यांच्यामागे कायद्याचं बळ आहे, ते सगळीकडे मिळणार नाही, हे मला मान्य आहे.

कायद्याचं बळ नसतानाही काही झालं आहे. महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्था १९९१ मध्ये महाग्रेप्स या नावाखाली एकत्र आल्या. एकेका संस्थेला न झेपणारी निर्यात त्यांनी मिळून केली. १९९६ मध्ये नेदरलँड्समध्ये उभ्या राहिलेल्या अ‍ॅग्रोफेअर या फळं आयात करणाऱ्या कंपनीने केळी उत्पादकांना कंपनीतच भागीदार करून घेतलं. फेअरट्रेडच्या, म्हणजे उत्पादकाला रास्त मोबदल्याची हमी देणाऱ्या प्रमाणपत्राच्या, केळीला १८.१४ किलोच्या प्रत्येक खोक्यामागे एक डॉलर अधिमूल्य वेगळं मिळतं आणि ते कशावर खर्च करायचं हे उत्पादकांनी मिळून ठरवायचं असतं. रक्कम छोटी वाटेल. पण खोक्यागणिक हिशेब ठरलेला असला की बोलायला जागा राहते. आमच्या पट्टीवर नुसतं ‘कटती’ एवढंच लिहिलेलं असायचं.

दुसऱ्या प्रतीच्या मालाचंही बोललं पाहिजे. २०१० मध्ये कोका-कोला, गेट्स फाउंडेशन आणि टेक्नोसर्व्ह ही शेतकऱ्यांना व्यवसायात मदत करणारी संस्था यांनी केनिया आणि युगांडातल्या ५० हजारांवर छोट्या आंबा आणि पॅशन फ्रूट बागायतदारांसाठी एक उपक्रम हाती घेतला होता. चार-पाच वर्षांत त्यांचं उत्पन्न दुप्पट करण्याचं उद्दिष्ट होतं. मला त्यात जमेची वाटते ती एकच बाजू, ती म्हणजे रसासाठी माल घेणारा खरेदीदार साखळीत आधीपासून असणं. डाग सालीवर असतो, गरात नसतो. ताज्या फळाच्या खरेदीदाराने बाजूला काढलेला माल त्याच दिवशी, आधी ठरलेल्या भावाने रसाच्या कारखान्यात गेला असता, तर आमच्या २१ क्रेटची माती झाली नसती. एकाच गटाने दोन खरेदीदारांशी एकाच वेळी करार करावेत, हे आम्हाला तेव्हा कोणी सुचवलं नाही आणि आमच्याही डोक्यात आलं नाही.

युरोपीय संघाने २०१९ मध्ये या सगळ्यावर एक निर्देश काढला. नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांच्या आत द्यायचे. मागणी ऐनवेळी रद्द करायची नाही. आणि खरेदीदाराच्या आवारात गेल्यावर, पुरवठादाराची चूक नसताना माल बिघडला, तर त्याचा भुर्दंड पुरवठादारावर टाकायचा नाही. हे तिसरं कलम वाचलं तेव्हा मला ती पाच तास उन्हात उभी राहिलेली गाडी डोळ्यांसमोर आली. हे नियम मोठ्या खरेदीदारापुढे लहान पडणाऱ्या पुरवठादारांसाठी आहेत. आपल्या गटांच्या करारात तेच तीन मुद्दे साध्या शब्दांत लिहायला कोणाची हरकत असावी? खरेदीदार प्रामाणिक असेल तर त्याला त्यात काहीच जड नाही.

करार लिहून देणाऱ्या संस्थांना माझं कळकळीचं सांगणं आहे. प्रशिक्षणाचे कार्यक्रम दोन कमी घ्या, पण प्रतवारी होताना गटाचा एक माणूस पॅकहाऊसमध्ये उभा राहील एवढं करारात घाला. गाडी दारात पोहोचल्याची वेळ पावतीवर लिहिली जाऊ द्या. नापास मालाचा फोटो आणि कारण त्याच दिवशी कळू द्या. मानक बदललं तर नव्या तपासणीचा खर्च कोणी किती उचलायचा, ते सहीच्या आधी बोलून घ्या. आणि अनुदान संपल्यावर व्यवस्थापकाचा पगार कुठून निघणार, तेही. कितीतरी गट इथेच कोलमडले आहेत. हंगाम चांगला असतो, खरेदीदारही असतो, पण फोन उचलायला आणि हिशेब ठेवायला माणूस उरत नाही.

शेतकऱ्यांनीही आपला शब्द पाळला पाहिजे, हे लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. बाजार चढला की ठरलेला माल बाहेर वाटेल त्याला देऊन टाकणारे आमच्या गटातही होते. दुसऱ्या हंगामात ११ जणांनी तसं केलं. खरेदीदाराची गाडी अर्धी रिकामी गेली आणि पुढच्या वेळी बोलणी करताना आमची मान खाली होती. त्या ११ जणांचा मला राग आला होता, पण आदल्या वर्षी परत आलेल्या क्रेटमध्ये त्यांचेही क्रेट होते, हेही मी विसरू शकत नाही.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. करारावर सह्या झाल्याची बातमी छापाल तेव्हा नापास मालाचं कलम मागून घ्या आणि तेही छापा. तीन वर्षांनी त्याच गटाकडे पुन्हा जा आणि किती जण अजून माल देतात ते विचारा. आमच्या गटाची नव्या खरेदीदाराशी बोलणी चालू आहेत. मसुद्यात ‘गाडी आत घेतल्याची वेळ’ असा एक रकाना आम्ही हाताने आखून घातला आहे. त्यांचं उत्तर अजून यायचं आहे.

आपली,
एक आंबा बागायतदार