पित्तनलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन एकच नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत पित्तनलिकेच्या कॅन्सरवर लेख आला, विषय घेतलात ते बरं केलंत कारण यावर मराठीत वाचायला फार काही मिळत नाही, पण त्यात ‘यावर व्हिपल सर्जरी करतात’ असं एका ओळीत उरकलंय ते खटकलं. माझ्या दाजींच्या आजारपणात याच शब्दावरून घरात वाद झाले होते, पाहुण्यांतल्या कुणाचं तरी व्हिपल झालेलं म्हणून जो भेटायला येईल तो विचारायचा की यांचं का करत नाहीत, डॉक्टर टाळाटाळ करतायत का.

अहो, पित्तनलिका म्हणजे लिव्हरमधून आतड्यात पित्त नेणारी नळी, गाठ त्या नळीत नेमकी कुठं आहे त्यावर ऑपरेशन ठरतं. खालच्या टोकाला स्वादुपिंडापाशी असेल तर व्हिपल, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग), पित्ताशय आणि नळीचा खालचा भाग काढून पुन्हा सगळी जोडाजोड. लिव्हरच्या आत असेल तर लिव्हरचा तेवढा भाग काढतात. पण सगळ्यात जास्त केसेस असतात त्या जिथं लिव्हरची डावी-उजवी नळी एकत्र येते तिथल्या, क्लॅटस्किन ट्यूमर म्हणतात त्याला, आणि तिथं व्हिपलचा काही उपयोग नाही. तिथं नळीबरोबर साधारण अर्धं लिव्हर आणि मागचा छोटा कॉडेट लोब काढून उरलेल्या लिव्हरच्या नळीला लहान आतडं जोडतात. नुसती नळी कापून भागणार नाही का असं आम्हीही विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, रोग नळीच्या भिंतीतून वर लिव्हरमध्ये सरकत जातो, कडेला पेशी राहिल्या की एवढं करूनही परत येतो.

आता काविळीनं आधीच थकलेलं लिव्हर, त्यातलं अर्धं काढायचं म्हणजे उरलेलं पुरायला हवं, म्हणून काही वेळा काढायच्या बाजूची पोर्टल व्हेन (आतड्याकडून लिव्हरला रक्त नेणारी शीर) आधी बंद करतात आणि दुसरी बाजू काही आठवड्यांत वाढू देतात. त्या थांबण्याच्या काळात घरच्यांना वाटतं की उगाच वेळ काढतायत, तसं नसतं.

राहिलं ट्रान्सप्लांट. व्हॉट्सअॅपवर फिरतं की लिव्हरच बदला, ६५ टक्के बरे होतात. हा आकडा अमेरिकेतल्या १२ सेंटरच्या २०१२ सालच्या अभ्यासातला, पद्धत तिथल्याच मेयो क्लिनिक या हॉस्पिटलनं १९९३ पासून सुरू केलेली, आणि अटी कडक: काढता न येणारी क्लॅटस्किनची गाठ, ३ सेंमीपर्यंत, कुठं पसरलेली नाही, आधी रेडिएशन-केमो. शिवाय ६५ टक्के हे ज्यांचं ट्रान्सप्लांट प्रत्यक्ष झालं त्यांच्यातले पाच वर्षं रोग परत न आलेले, उपचार सुरू केलेल्या २८७ पैकी ७१ जण तिथवर पोचलेच नाहीत, ते धरले तर पाच वर्षं जगणारे ५३ टक्क्यांवर येतात. तरी या रोगाच्या मानानं चांगलंच म्हणायचं, पण पोटातून सुई घालून गाठीची बायॉप्सी केलेली असेल तर या पद्धतीत पेशंट घेतच नाहीत कारण सुईच्या वाटेनं पेशी पसरायची भीती. हे आधी कोण सांगतं?

तसंच स्टेंटचं. डोळे पिवळे झाले की आमच्याकडे आधी गावठी औषध, मग एकदम घाईनं स्टेंट, म्हणजे अडलेलं पित्त वाहावं म्हणून पित्तनलिकेत घालतात ती बारीक नळी. सीटी आणि एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) त्याच्या आधी झालेलं बरं, स्टेंट पडल्यावर नळीला सूज येते आणि गाठ कुठवर गेलीय ते फोटोत नीट कळत नाही. ताप-थंडी, इन्फेक्शन असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा थांबून चालत नाही. अर्थात बऱ्याच जणांचं निदानच इतकं उशिरा होतं की यातलं कुठलंच ऑपरेशन हातात राहत नाही, तेही लेखात यायला हवं होतं.

तरी पुढच्या पुरवणीत गाठीच्या तिन्ही जागा दाखवणारं एक साधं चित्र छापा आणि ती व्हिपलची ओळ तेवढी दुरुस्त करा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली