जुन्या बातम्यांतला ‘मजकूर’

संपादक महोदय,

जुन्या मराठी वृत्तपत्रांची सूची करणाऱ्यांनी ‘मजकूर’ या शब्दाकडे नीट लक्ष द्यावे, ही कळकळीची विनंती. आज आपण तो ‘लिहिलेला भाग’ एवढ्याच अर्थाने वापरतो. मूळ अरबी अर्थ मात्र ‘उल्लेखिलेला’, आणि दफ्तरी भाषेतून तो बातम्यांतही उतरला. ‘मजकूर इसम’ म्हणजे वर सांगितलेला माणूस. ‘मौजे मजकूर’ हे गावाचे नाव नव्हे. त्याआधी शेवटी आलेले गाव शोधावे लागते. कात्रण अर्धवट असेल तर ते गाव कायमचे हरवते, म्हणून बातमी पहिल्या ओळीपासून जपायला हवी.

सर्वांत फसवे ‘ता. ५ माहे मजकूर’. मागे एखादा महिना आला असेल तर तोच धरावा. नसेल तर पत्राच्या किंवा अंकाच्या तारखेचा. मात्र ५ तारीख अंकाच्या तारखेनंतरची ठरत असेल, तर घडलेल्या घटनेचा महिना नक्कीच चुकला आहे. त्याच बातमीत पुढे ‘अर्जातील मजकूर येणेप्रमाणे’ असेल, तर तिथे आजचाच अर्थ.

नोंद करताना मूळ शब्द बदलू नये. उलगडलेले गाव किंवा महिना पुढे चौकटी कंसात लिहावा.

— एक वाचक