अव्या, घाबरटपणा पित्ताशयात असतो म्हणे

प्रिय अव्या,

फोन उचलत नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर वाच. आम्ही बरे आहोत, माझी शुगर बॉर्डरवर, सिंगापूरचा उकाडा आहे तसाच. लिहायचं कारण आमची लेक ईरा.

तिला आवाजाची भीती बसलीये रे. मॉलच्या टॉयलेटमधलं हात सुकवायचं मशीन घुंऽऽ झालं की कानांवर हात ठेवून बाहेर पळते. वर्गात उत्तर येत असून तोंड उघडत नाही. आई फोनवरून मीठमोहऱ्या ओवाळायला सांगते, प्रिया म्हणते काउन्सेलर, आणि शेवटी शेजारच्या आजींनी आम्हाला धरून त्यांच्या चिनी वैद्यबाईंकडे नेलं.

बाईंनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली, जीभ बघितली, मग विचारलं पहाटे दचकून उठते का, छातीत धडधडतं का, साधी गोष्ट ठरवायला वेळ लावते का. प्रियाने माझ्याकडे बघितलं, कारण ईरा आईस्क्रीमचा फ्लेवर ठरवेपर्यंत मागे रांग लागते. निदान काय, तर हृदय आणि पित्ताशय दोन्हींतली ‘ची’ कमी, म्हणजे त्यांच्या भाषेत शरीरात खेळणारी जीवनशक्ती. ह्वांगदी नेइजिंग या त्यांच्या जुन्या ग्रंथात शरीराचा दरबारच आहे, यकृत सेनापती, बेत आखणारं, आणि पित्ताशय निवाडा देणारं. ते ढिलं पडलं की माणूस कचरतो. मुरलेली भीती मात्र मूत्रपिंडात, तिने ‘ची’ खाली उतरते आणि दचकल्याने विस्कटते. आता मला सांग, तुझ्या मावशीचं पित्ताशय काढलं त्यानंतर ती जास्तच भांडकुदळ झाली ना? मी हे बाईंना विचारणार होतो, प्रियाने पाय दाबला.

काढा दिलाय, वन् दान थांग, म्हणजे पित्ताशयाला ऊब देणारा. 1174 सालच्या ग्रंथातला, संत्र्याची सुकी साल, आलं, ज्येष्ठमध, बांबूचा कीस वगैरे. जुन्या काळी भीतीवरच्या काही गोळ्यांना हिंगूळ चोपडायचे, म्हणजे चक्क पाऱ्याचं खनिज, हे वाचल्यापासून पुडकं कपाटात पडलंय. मुलांच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय देणार नाही.

पण बाईंनी एक गोष्ट सांगितली ती डोक्यातून जात नाही. बाराव्या-तेराव्या शतकात चांग त्सुंगचंग म्हणून वैद्य होता, एरवी ओकाऱ्या आणि जुलाब देऊन बरं करणारा. त्याच्याकडे एक बाई आणली. प्रवासात खानावळीत दरोडा पडला तेव्हा ती पलंगावरून खाली पडली होती, तेव्हापासून जरा आवाज झाला की बेशुद्ध. घरचे वर्षभर चवड्यांवर चालत होते. बाकीच्या वैद्यांनी हृदयरोग समजून जिनसेंग पाजलं, काही फरक नाही. याने तिला उंच खुर्चीत बसवलं, दोन दासींना हात धरायला लावले, समोर छोटं स्टूल ठेवलं आणि म्हणाला, इकडे बघा. मग लाकडाने स्टुलावर खाडकन! ती दचकली. हा म्हणतो, मी स्टुलावर लाकूड मारतोय, यात दचकायचं काय? थांबून परत मारलं, मग काठीने दार, मग मागची खिडकी कुणाकडून तरी हळूच खरवडवली. शेवटी बाई हसायलाच लागली. त्या रात्री दार-खिडकी पहाटेपर्यंत ठोकत ठेवली, आणि पुढे ढग गडगडले तरी ती ढिम्म. औषध शून्य. नेइजिंगमधलंच सूत्र होतं म्हणे, दचकणाऱ्याला ती गोष्ट रोजची करून टाकायची.

तू आता म्हणशील, दादांनी मला विहिरीत ढकललं ते हेच. नाही रे, तिथेच माझी गाडी अडलीये. त्या बाईला काठी दिसत होती, हात धरलेले होते. तुला मागून ढकललं. पोहायला आलं तुला, पण अजून गुहागरला तू गुडघ्याच्या वर पाण्यात जात नाहीस. (आणि वक्तृत्व स्पर्धेत माइक बंद होता असं वीस वर्षं सांगतोयस, तो बंद नव्हता.)

म्हणून ठरवलंय की मशीनचं बटण ईराने स्वतः दाबायचं, मी नाही. प्रियाला वाटतं मी उगाच तिच्या मागे लागलोय, सोडून दिलं तर आपोआप जाईल. तुझं गेलं का आपोआप? दादांवर राग धरून नाही, नीट आठवून लिही, तुला काय हवं होतं तेव्हा.

फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींची बदली झाली का? काकूंना नमस्कार, आणि बिल्डरला पुढचा चेक देऊ नकोस.

तुझा,
सच्या