सुमीला, दुःशलेबद्दल

टिळकवाडी, बेळगाव
27 डिसेंबर

प्रिय सुमे,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे. दिवाळीच्या फराळाचं पार्सल आलं, चकल्या संपल्यासुद्धा, आणि माझ्याकडनं साधी पोच नाही. आम्ही सगळे बरे. आईची शुगर वरखाली, माझी पाठ होती तशीच. अधिवेशन आटोपलं, रस्ते एकदाचे मोकळे झाले. संपल्या बातम्या.

आता मुद्द्याचं. तू ज्याला 'उष्टं' म्हणतेस ना, त्याच्याबद्दलच लिहायला बसलेय. होय, फॅनफिक्शन. तोंड वाकडं करू नकोस. हॉस्टेलच्या गच्चीवर तू मला झाडून काढलं होतंस, की दुसऱ्याची पात्रं घेऊन लिहायला लाज कशी वाटत नाही लोकांना. आणि बाईसाहेबांच्या उशाशी काय, तर कर्णावरची कादंबरी! कोवाडच्या रणजित देसाईंना व्यासांनी सहीशिक्क्यानिशी परवानगी दिली होती काय गे? तेव्हा सुचलं नाही, आता विचारून घेते.

युलटाइडबद्दल तुला मागं बोलले होते. 2003 पासून दर नाताळात चालतं. ज्या कथांवर फारसं कुणी लिहीत नाही, त्यांच्यावर लोक एकमेकांना गोष्टी लिहून भेट देतात, निदान 1000 शब्दांची तरी. 25 डिसेंबरला सगळ्या एकदम उघडतात. लिहिलं कुणी, ते मात्र 1 जानेवारीपर्यंत झाकलेलं. मी यंदा भाग घेतला ते त्याच वळणाचं, पण लहान, घरगुती. आपल्याला कुणाची गोष्ट हवी ते कळवायचं, अनोळखी लेखकाला एक पत्र लिहायचं, की मला हे आवडतं, ते नको, आणि आपणही दुसऱ्या कुणासाठी तरी लिहायचं. पैशाचा संबंध नाही. शाळेत चिठ्ठ्या काढून भेटी द्यायचो तसं, फक्त तुला दरवर्षी साबणदाणीच यायची तो प्रकार इथं नाही. आणि तुझ्या नवऱ्याला सांग, ज्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' नावाच्या वेबसाइटवर हे सगळं असतं, त्याला 2019 मध्ये ह्यूगो मिळालंय. विज्ञानकथावाल्यांचं पारितोषिक. मग तरी तो मान हलवेल.

तीन गोष्टी वाचच. लिंका वेगळ्या पाठवते.

पहिली वेताळाची. शेवटचं कोडं आठवतं? बापलेक जंगलात दोन बायकांची पावलं बघतात आणि ठरवतात, मोठ्या पावलांची ती बापाची, लहान पावलांची ती लेकाची. निघतात मायलेकी, आणि मोठी पावलं लेकीची! म्हणजे बाप लेकीशी लग्न करतो आणि लेक आईशी. त्यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय, यावर विक्रम गप्प बसतो. या गोष्टीत ती पोरं मोठी झालीत. एक दुसऱ्याचा काका, तर दुसरा पहिल्याचा मामा. दोघंही एकमेकांचे वडीलधारे! सणाला कुणी कुणाच्या पाया पडायचं यावरून हातघाईवर येतात, आणि वर झाडाला लटकलेला वेताळ कपाळाला हात लावतो. मी इतकी हसले की आई देवघरातनं उठून आली. तुझ्या सासरच्या मानपानवाल्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

दुसरी इस्मिनीची, ग्रीक नाटकातल्या अँटिगनीच्या मागं राहिलेल्या बहिणीची. लहान आहे, चांगली आहे. मधली दोन पानं उगाच कवितेत गेलीत, ती गाळ.

तिसरी माझी. म्हणजे मला भेट आलेली. मी दुःशला मागितली होती.

आपण उठताबसता 'हा सूर्य आणि हा जयद्रथ' म्हणतो. त्या जयद्रथाला बायको होती हे कुणाच्या लक्षात असतं? शंभर भावांची एकुलती बहीण. नवऱ्यानं वनातनं द्रौपदीला पळवलं, पांडवांनी धरलं, तर युधिष्ठिर म्हणतो, जिवे मारू नका, दुःशलेकडं बघा, गांधारीकडं बघा. मग भीमानं डोकं भादरून पाच शेंड्या ठेवल्या आणि सोडला. तो लाजेनं घरी न जाता तपाला गेला. माझी गोष्ट सुरू होते ती तो तप करून परततो तिथं. केस वाढलेत, पण कसे? पाच ठिकाणी लांब, बाकी आखूड. रात्री ती त्याच्या डोक्याला तेल लावते, बोटं त्या उंचसखल केसांत अडकतात, आणि ती विचारत नाही. तोही सांगत नाही. सुमे, त्या परिच्छेदापाशी मी मोबाइल पालथा ठेवला आणि उगाच भाजी निवडत बसले.

पुढचं तुला माहीत आहे. अभिमन्यू, चौदावा दिवस, सगळं. मग अश्वमेधाचा घोडा सिंधू देशात येतो. अर्जुन आलाय एवढं ऐकूनच तिचा मुलगा, सुरथ, प्राण सोडतो, आणि ही चिमुरड्या नातवाला घेऊन रथातनं थेट रणात. व्यासांच्या महाभारतात अर्जुन धनुष्य टाकतो, हळहळतो, तिची समजूत घालून घरी पाठवतो. या गोष्टीत तो म्हणतो, हस्तिनापूरला चल. ती म्हणते, तिथं आता माझं कोण आहे? आणि लगेच पुढच्या श्वासात विचारते, आई जेवते का नीट?

आता तुला कळलं असेल मी का लिहितेय.

आत्या मला मागच्या महिन्यात गणपत गल्लीत भेटली. पिशवीत नवलकोल, हातात छत्रीची काठी केलेली. पहिला प्रश्न काय? "वहिनीची शुगर कशी आहे?" त्या गणपतीत काय झालं ते तू बघितलंस, मखराच्या पलीकडं तूच उभी होतीस. आतोबांनी साक्ष दिली हे खरं. पण साक्ष त्यांनी दिली, दार तिला लागलं. आज ना बाबा आहेत, ना आतोबा, आणि ज्या शेतापायी हे झालं ते रस्त्यात जाणार म्हणतात. आणि ती अजून आमच्या घराला एक वाकडा शब्द लावत नाही. मी त्या अनोळखी लेखकाला नाव-गाव काही कळवलं नव्हतं. एवढंच, की नवऱ्यापायी जिचं माहेर तुटलं अशी एक बाई माझ्या ओळखीची आहे. तेवढ्यावर त्या बाईनं (की बाप्यानं, कोण जाणे) हे लिहिलं.

फेब्रुवारीत संजूचं लग्न. पत्रिका घेऊन खानापूरला मी जाणार, आई 'जा' म्हणाली नाही, 'नको'ही म्हणाली नाही. माझ्या डोक्यात असं, की गोष्ट मराठीत करून न्यावी आणि वाचून दाखवावी. मोतीबिंदूमुळं तिला वाचवत नाही, पण ऐकायला तिला सगळं लागतं. आणि इथंच माझं घोडं अडलंय. आत्या काही भोळी नाही. दुसऱ्या वाक्याला ओळखेल. "मला रणात उभी करायला आलीस होय गे?" म्हणाली तर? पत्रिका राहील बाजूला. शिवाय गोष्टीत अर्जुनाला जरा स्वस्तात सोडलंय असं मला वाटतं. दोन आसवं गाळतो आणि घोडा घेऊन पुढं. ते आत्याला चालेल, मला चालत नाही. अर्जुन म्हणजे आमचे बाबाच की. आणि न वाचताच पत्रिका दिली, चहा घेतला, परत आले, तर मग वर्षानुवर्षं चाललंय तेच.

आईला सांगायची सोय नाही. संजू म्हणेल, ताई, तुला कामं नाहीत.

दुसरं, मराठीत करायचं तर लेखकाला विचारायला हवं, तशी रीत आहे. गोष्टीखाली लिहिलं की पोचतं. मी आत्तापर्यंत 'फार आवडली' एवढंच टाकलंय, जसं काही हळदीकुंकवाला आलेय. आत्याचं लिहावं तर परक्यापुढं घरचं उघडं, न लिहावं तर परवानगी कशासाठी मागतेय ते सांगू काय? पत्ता गाळून चार ओळी लिहाव्यात म्हणते.

बाकी तुझं? नव्या घराची वास्तुशांत झाली काय? सासूबाईंचा गुडघा? धाकट्याला पुण्याच्या शाळेत कन्नडची कटकट नाही, नशीब काढलंय. आमचा इथं रोज रडतो. मांडे हवे असतील तर नीट आकडा कळव, मागच्यासारखं 'थोडे पाठव' नको. तुझं थोडं म्हणजे दोन डबे.

गोष्ट आज रात्रीच वाच आणि आत्याला वाचून दाखवू की नको, एवढं सांग. एक तारखेच्या आत. नाव उघडलं आणि निघाला कुणी विशीतला पोरगा, तर मला चार ओळीही लिहायचा संकोच वाटेल. आणि फोन करू नकोस, लिही. फोनवर तू अर्धा वेळ पोरांवर ओरडत असतेस. कर्णाचा विषय मध्ये आणलास तर मात्र मांडे रद्द.

तुझी,
नंदा