समोरच्या दारातल्या काकांना, जरा उशिराने

काका, नमस्कार.

हे सगळ्यांदेखत लिहितोय कारण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. मागे ही बोलायला लागली तर तुम्ही तिला मधेच तोडून म्हणालात, तुमच्या बेलचा आवाज बसलाय, कोणाला तरी दाखवून घ्या. म्हणून लेखी. लेखीत मधे तोडता येत नाही. आणि दुसरं म्हणजे तुम्ही खडूस आहात असं बऱ्याच जणांचं मत आहे (सुरुवातीला आमचंही होतं, खोटं कशाला बोलू), तर ते जरा हललं तर बरं.

हे वर्ष आमच्यासाठी सगळं एकदमच घेऊन आलं. घर घेतलं, सामान लावून होतंय तोवर बाळाची बातमी कळली, मग सासऱ्यांची सत्तरी, मग डोंगरातली ट्रिप ठरली आणि बदलली, मग बाथरूम फोडलं, आणि फोडलेलं तसंच असताना लेक वेळेच्या बरीच आधी आली. यातलं एकेक वेगवेगळ्या वर्षी आलं असतं तर कदाचित तुमची आमची ओळख लिफ्टमधल्या मान हलवण्यापुरतीच राहिली असती.

सुरुवात त्या भिंतीपासून झाली. बाळाची खोली म्हणून जी ठरवली होती तिच्या बाथरूमकडच्या भिंतीला खालून ओल, पोपडे, आणि पांढरा लोणा. आधीच्या मालकांनी वरून रंग मारून ती झाकलेली होती त्यामुळे घर बघताना काही कळलं नाही. ज्या माणसाला काम द्यायचं ठरत होतं तो म्हणाला खरवडतो, वॉटरप्रूफ पुट्टी लावतो, दोन हात रंग मारतो, आठवड्यात खोली तयार. आम्हाला तेच ऐकायचं होतं. तुम्ही दारातून जाता जाता ऐकलंत, आत आलात, भिंतीला पालथा हात लावलात आणि विचारलंत, "पाणी येतंय कुठून, हे कोणी बघितलंय का?"

कोणीच बघितलं नव्हतं. मग तुम्ही पेन्सिल मागितलीत, ओलीच्या कडेने रेघ मारलीत, बाजूला तारीख घातलीत आणि सांगितलंत की हे बाथरूम काही दिवस बंद ठेवा, अंघोळ दुसरीकडे करा. तुमचं लॉजिक तेव्हा ऐकलं ते मी आता सगळ्यांना सांगत सुटलोय. बाथरूम वापरत नसतानाही ओल वाढत राहिली तर आतली पाण्याची लाइन गळतेय, कारण तिच्यात प्रेशर चोवीस तास असतं, आणि बंद ठेवल्यावर ओल थांबली तर दोष फरशीत नाहीतर नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे सांडपाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या, जोडात, कारण तिथे पाणी आपण सांडतो तेव्हाच येतं. ओल रेघेच्या आतच राहिली. म्हणजे लाइन शाबूत, भिंत फोडून पाइप बदलायचा खर्च वाचला, फक्त फरशी काढावी लागणार होती. फक्त म्हणतोय, पण तेव्हा ते ऐकून ही मटकन खुर्चीत बसली होती.

आणि इथे मला एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. तुम्ही आयुष्यभर बांधकामाच्या साइटवर माणसं हाकलीत, पण आमच्या घरात तुम्ही एकदाही "हे असंच करा" म्हणाला नाहीत. प्रश्न विचारायचे, काय केल्यावर काय होईल ते सांगायचे आणि घरी निघून जायचे. ठरवायचं आम्ही. मदत करणारे या वर्षी बरेच भेटले, सगळ्यांचे उपकार आहेतच, पण मदतीबरोबर घराचा ताबाही घेऊन टाकणारे जास्त, त्यामुळे तुमचं ते उठून जाणं फार मोलाचं वाटायचं.

हां, एकदा मात्र तुम्ही आवाज चढवलात. माणसं जुना रंग कोरडाच घासायला लागली होती आणि ही शेजारच्या खोलीत होती, सातवा महिना. तुम्ही काम बंद पाडलंत. जुन्या रंगात शिसं असू शकतं, घासलं की ते धुळीत येतं, आणि पोटातल्या बाळाला किंवा लहान मुलाला शिशाचं अमुक इतकं प्रमाण चालतं असं काही नसतंच, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. मग दाराला प्लास्टिक, भिंत ओली करून घासणं, धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणं, आणि हिची रवानगी दिवसभर तुमच्या घरी. काकूंचे आभार त्यासाठी वेगळे, त्यांना वेगळं पत्र लिहिणार आहे, त्या तुमच्यासारख्या विषय बदलत नाहीत.

ट्रिपचं थोडक्यात. आम्हाला उंच डोंगरात जायचं होतं, तिकिटं बघून झाली होती. डॉक्टरांनी उंची नको म्हटलं, तिथे हवेत ऑक्सिजन कमी मिळतो आणि काही झालं तर हॉस्पिटल लांब. विमानाचं विचारलं तर बऱ्याच विमान कंपन्या 28 आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात म्हणाल्या, म्हणून त्याच्या आतच समुद्राकाठी जाऊन आलो, सासऱ्यांची सत्तरी तिथेच केली. तेव्हा पहिल्यांदा घराची किल्ली तुमच्याकडे दिली आणि मग ती तुमच्याकडेच राहिली. हे बरं झालं हे नंतर कळलं.

कारण लेक आठव्या महिन्यात आली. रात्री निघालो तेव्हा बाथरूमची फरशी उखडलेली, सिमेंटची पोती हॉलमध्ये, आणि मी तुम्हाला जिन्यातून फक्त "काका, निघालो" एवढं ओरडलो. पुढे एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही त्यांनी पाहू नये. मॉनिटरचे आवाज, काचेच्या पेटीत तळहातापेक्षा थोडी मोठी पाठ, नाकातून नळी. नळीचं भय वाटायचं, मग नर्सने समजावलं की चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण 34 आठवड्यांच्या आसपास बसतो, तोवर दूध नळीनेच द्यायचं, यात तिची काही तक्रार नाहीये, तिची फक्त वेळ व्हायचीय.

घरचं काम बंद ठेवा असं सांगायचंही मला सुचलं नाही. तुम्ही ते बंद ठेवलं नाहीत, चालूही ढकललं नाहीत, जेवढं थांबून चालणार नव्हतं तेवढं करून घेतलंत. संध्याकाळी तुमचा एक फोटो यायचा, खाली एक शब्द नाही. कोपऱ्यात केलेली सिमेंटची गोलाई. वॉटरप्रूफिंगचा पहिला हात आडवा, दुसरा उभा. मग आउटलेट बंद करून बाथरूममध्ये भरून ठेवलेलं पाणी आणि कडेला खडूने मारलेली खूण, दुसऱ्या दिवशी तेच पाणी त्याच खुणेवर. मी तो फोटो हिला दाखवला, वॉर्डातल्या नर्सला दाखवला, तिला बिचारीला काय कळणार, पण पाणी जिथल्या तिथे आहे एवढं वाक्य त्या दिवसांत कोणी तरी ठामपणे सांगत होतं.

दुसरी गोष्ट जी तुम्हाला वाटत असेल आम्हाला कळली नाही. सोसायटीतून, नातेवाइकांकडून, हिच्या ऑफिसातून फोन यायचे, सगळे प्रेमानेच, पण दर वेळी तेच पहिल्यापासून सांगायचं म्हणजे जीव जायचा. तुम्ही एक दिवस फोनवर विचारलंत, "आज लोकांना काय सांगू?" बास. त्यानंतर मी रोज तुम्हाला एक ओळ सांगायचो आणि बाकीच्यांना ती तुमच्याकडून मिळायची. बाळ कसं आहे असं तुम्ही स्वतः विचारल्याचं आठवत नाही. त्या एका ओळीत तुमचंही भागत असावं.

मला छातीवर धरायला दिली तेव्हाचं सांगायचं राहिलंय. कांगारू केअर म्हणतात त्याला, बाळाला फक्त डायपर आणि टोपी, आणि उघड्या छातीवर उभं धरून वरून कापड बांधायचं. आईच लागते असं नाही, बापही चालतो. बाळाला ऊब राहते, श्वास आणि ठोके स्थिर व्हायला मदत होते. हे 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉक्टर एडगर रे यांनी सुरू केलं, तिथे इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून, आणि 2022 पासून तर जागतिक आरोग्य संघटना म्हणते की कमी दिवसांच्या बाळांना हे शक्यतो जन्मल्याबरोबर सुरू करा. हे मी तुम्हाला फोनवर उत्साहात सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "सामान कमी पडलं म्हणून निघालेली युक्ती आहे ना, मग टिकणारच." आणि मी विचारलं की डिस्चार्ज कधी मिळेल काही सांगत नाहीत, तर तुमचं उत्तर, "क्युरिंग चाललंय. त्यात घाई करणारा माणूस मी साइटवरून काढून टाकायचो." सिमेंटला पाणी मारत पक्कं होऊ देतात ते क्युरिंग. मी हसलो. हॉस्पिटलात शिरल्यापासून पहिल्यांदाच असेल.

ती घरी आली तेव्हा तिची खोली तयार नव्हती आणि ती तयार नव्हती याचंही श्रेय तुम्हालाच. आत विटेपर्यंत खरवडून नवीन प्लास्टर झालं होतं, सात दिवस पाणी मारून झालं होतं, पण रंगाला तुम्ही हात लावू दिला नव्हता. प्लास्टर महिनाभर तरी सुकू दे, आतलं पाणी बाहेर पडलं पाहिजे, नाहीतर पुन्हा पोपडे. आजीला ते पटलं नाही, नात घरी येतेय आणि भिंत उघडी. मग लेक आमच्याच खोलीत झोपली आणि तिला काहीही फरक पडला नाही. रंग नंतर झाला, तिच्या आजोळच्या मुक्कामात, वास पूर्ण गेल्यावरच तिला आत नेलं. पिवळा. तुम्हाला आवडलेला नाही हे माहीत आहे.

आता सगळे विचारतात पालथी पडते का, बसते का, अमक्याची तर केव्हाच बसायला लागली. वेळेआधी आलेल्या बाळाचं वय डॉक्टरांनी बाळंतपणाची दिलेली जी तारीख असते तिच्यापासून मोजतात, साधारण दोन वर्षांपर्यंत, म्हणजे बसण्या-रांगण्याची तुलना त्या वयाशी करायची. लसी मात्र जन्मतारखेच्या हिशोबानेच. हे मी इतक्यांना समजावलंय की कार्डच छापून घ्यावं असं वाटतं. तुम्हाला एकदाच सांगितलं होतं, आणि परवा लिफ्टमध्ये कोणीतरी तोच प्रश्न केला तर माझ्याआधी तुम्हीच त्याला पूर्ण गणित समजावलंत, वर म्हणालात डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही झालीये, सगळं ठीक आहे. ती तपासणी वेळेवर करून घ्यावी लागते हे तुमच्या लक्षात होतं.

तर काका, आभार. भिंतीचे, फोटोंचे, त्या रोजच्या एका ओळीचे, आणि त्या घासणाऱ्या माणसांवर ओरडलात त्याचेही.

पुढच्या महिन्यात लेकीला घेऊन पहिल्यांदा ट्रेनने जातोय, लांब नाही, किल्ली तुमच्याकडे आहेच. तुमची पाणसळ मात्र अजून माझ्याकडे आहे, रविवारी आणून देणार होतो पण बाल्कनीतलं कपाट बसवायचं चाललंय आणि सुतार म्हणतो सरळ आहे, बुडबुडा म्हणतो नाही. तुम्हीच या, पाणसळ घेऊन जा आणि त्याला पण एकदा विचारा.