सगळ्यांचा श्वास १८

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं राहूनच गेलं, रागावू नकोस. मी बरा आहे, गुडघ्याचं जुनंच रडगाणं.

आज लिहायला बसलो ते वॉर्डातले चार्ट बघून. नाडी बदलते, बीपी बदलतं, ताप चढतो-उतरतो. श्वासाच्या रकान्यात मात्र सगळ्यांचे मिनिटाला १८. न्यूमोनियावाल्याचे १८, प्लास्टर घातलेल्याचेही १८! आपले सर असते तर लिहिणाऱ्याला दोन जिने चढायला लावून आधी स्वतःचा श्वास मोजायला सांगितला असता.

मला खरंच काळजी वाटते रे. तब्येत बिघडायला लागली की बऱ्याचदा हाच आकडा आधी हलतो. मोठ्या माणसाचा १२ ते २० चालतो. २५ च्या वर गेला की पेशंटजवळून हलायचं नाही, आणि ८ पर्यंत उतरला तर त्याहून घाई. मोजायचा पूर्ण मिनिटभर. पंधरा सेकंद मोजून चारने गुणतात, तिथे सहाऐवजी पाच मोजले की २४ चे २० होतात आणि आजारी माणूस कागदावर ठणठणीत. शिवाय सांगून मोजलं की पेशंट श्वास बदलतो. म्हणून नाडी बघतोय असं दाखवायचं, त्याचं मनगट त्याच्याच छातीवर धरून ठेवायचं. नजर चुकली तरी हाताला श्वास कळतो.

यावर पोरांचं उत्तर ठरलेलं, ‘सॅच्युरेशन ९७ आहे ना!’ म्हणजे बोटाला लावलेलं यंत्र रक्तातला ऑक्सिजन ९७ टक्के दाखवतंय. अरे, नळीतून ऑक्सिजन चालू असताना ९७ राहतं आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. पेशंट पेंगुळतो, हात फडफडतात, यंत्र गप्प. बोटं गार असली, नेलपॉलिश असलं तर आकड्यावर विसंबता येत नाही. धुरात अडकलेल्याचं सॅच्युरेशन तर खोटंच चांगलं दिसतं. निदान यंत्रावरची नाडी हाताला लागलेल्या नाडीशी जुळते का, एवढं तरी बघा!

आपलं जुनं भांडण आठवतं? तू म्हणायचास आधी स्टेथो, मी म्हणायचो आधी नुसतं बघ. माझं मत तेच आहे. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून निम्मं कळतं: पुढे झुकून हात टेकून बसलाय का, मानेचे स्नायू ताणतायत का, श्वास घेताना पोट आत जातंय का, एक वाक्य सलग बोलतोय की दोन शब्दांवर थांबतोय.

पण स्टेथोचं तुझं म्हणणं दम्यात पटतं. छातीतली शिट्टी थांबली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकायचा नसतो. छाती गप्प आणि माणूस थकलेला, म्हणजे हवाच आत जात नाहीये. ऐकतानाही घाई करतात. सदऱ्यावरून ऐकतात, केसांची करकर फुप्फुसातली समजतात. उघड्या त्वचेवर नीट दाबून, तोंड उघडून खोल श्वास घ्यायला लावून, डावी-उजवी जागा जोडीने, प्रत्येक ठिकाणी एक पूर्ण श्वास. पाठ ऐकताना हात छातीवर गुंफून घ्यायचे, म्हणजे खांद्याची पाती बाजूला होतात. घरघर ऐकू आली तर खोकायला लावून पुन्हा ऐकायचं. निघून गेली तर कफ होता. मध्ये दम खायला वेळ द्यायचा, नाहीतर चक्कर येते.

बदलीचं काय झालं? लेकीचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार सांग. आणि तू शिकवताना वापरतोस तो श्वास मोजायचा तक्ता पाठव, सोमवारी नवी तुकडी येतेय.

तुझाच